सोबतीची चाल

मनुष्याने रानात अगर समुद्रतीरी पायी फिरावयास जावे ते एकट्याने की मंडळीबरोबर, हा प्रश्न वरवर पाहणारास केवळ आवडीनिवडीचा वाटेल. आणि एकट्यानेच जावे असे ज्याचे मत असेल त्याच्याशी वाद घालण्याचे कोणास कारणही नाही. परंतु मंडळीबरोबर जावयाचे एकदा ठरले, म्हणजे लागलीच दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो मात्र आवडीनिवडीचा नाही. दहा माणसे एका वाटेने निघाली की दहांची चाल दहा प्रकारची असते. मग कोणाच्या चालीने चालावयाचे? जो मागे पडतो त्याचा इतरांवर काही हक्क पोहोचतो काय, आणि पोहोचत असल्यास कोठवर? नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून या प्रश्नाचा खल फारसा आढळत नाही. पण आमच्या इकडील रविवारच्या फेऱ्यांत तो पुष्कळ वेळा आणि पुष्कळ तळमळीने झालेला मी ऐकला आहे.

या फेऱ्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पर्यंत ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत त्या भागातील, एका लहानशा गावची काही कुटुंबे माघ सरत आला की दर रविवारी पायी निघतात आणि चैत्र संपेपर्यंत हा नेम चालवितात. मंडळीत शिक्षक आहेत, एक डॉक्टरीणबाई आहेत, पेढीवरचे कारकून आहेत, कॉलेजातील दोनचार मुले-मुली आहेत, आणि आठवड्यातून एवढा एक दिवस चूल दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्या गृहिणीही आहेत. एक रविवार किनाऱ्याचा, एक रविवार रानाचा. हा क्रम कोणी सभा भरवून ठरविलेला नाही. तो चंद्राने लावून दिलेला आहे. ज्या रविवारी तृतीयेच्या आसपासची तिथी असते त्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास ओहोटी पुरी झालेली असते, आणि ओल्या, टणक पुळणीवरून कोसच्या कोस सुखाने चालता येते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांनी. त्यामुळे पुढल्या रविवारी, दशमीच्या सुमारास, नेमक्या त्याच वेळी समुद्र भरलेला असतो; भरती भांगाची असली तरी टणक पुळण पाण्याखाली जाते आणि पायांस भुसभुशीत वाळूच तेवढी उरते. त्या दिवशी मंडळी डोंगराकडे तोंड करते. पंधरवड्यागणिक हा हिशेब अर्ध्यापाऊण तासाने मागे येतो, तेवढा निघण्याच्या वेळेत फरक करावा लागतो. आता भरतीओहोटीची कोष्टके प्रत्येकाच्या खिशातील फोनवर असतात. पण मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ अजूनही निघण्यापूर्वी तिथीच विचारतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

कोकणातील वसंत हा संस्कृत काव्यांतील वसंताहून बराच निराळा आहे. तो शीतल मलयानिलाचा काळ नव्हे. फाल्गुनाच्या मध्यास दहा वाजले नाहीत तोच ऊन चटके देऊ लागते, ओहळ आटतात, पायवाटेवर पाचोळ्याचा थर साचून पाऊल घसरते. पण याच उन्हात पळस, पांगारा आणि सावर ही झाडे पानांचा आसरा न घेता फुलतात. कुसुंबाची कोवळी पालवी इतकी तांबडी असते की नवख्या माणसास ती फुलेच वाटावीत. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, करवंदीच्या जाळ्यांतील पांढरी फुले, उंच फांदीवरून फांदीवर झेप घेणारे एखादे शेकरू; आणि किनाऱ्याच्या रविवारी, थंडीत येऊन राहिलेले व आता उत्तरेकडे परतण्याच्या बेतात असलेले कुरव पक्ष्यांचे थवे. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासच्या पुळणीवर तर याच दिवसांत कासवांची पिल्ले वाळूतून वर येऊन समुद्राकडे धाव घेतात. गावकऱ्यांनी २००२ पासून या घरट्यांची राखण चालविली आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ठाऊक असलेले वेळास आता कासवांचे गाव म्हणूनच अधिक ओळखले जाते. हे सर्व पाहावयाचे तर वेळ लागतो. आणि मंडळीत वाटून घ्यावी लागणारी वस्तू म्हणजे हा वेळच होय.

एकट्याने चालण्याचा पक्ष इंग्रजी निबंधकारांनी फार समर्थपणे मांडला आहे. हॅझलिटने १८२२ साली तो मांडला आणि अर्धशतकानंतर, १८७६ साली, स्टीव्हन्सनने त्याचीच री ओढून ‘कॉर्नहिल’ मासिकात पायी प्रवासावर निबंध लिहिला. उभयतांचे म्हणणे थोडक्यात असे की, चालणारास मन मानेल तेथे थांबता यावे, वाटेल तिकडे वळता यावे, आणि जे दिसले त्यावर लागलीच बोलून दाखविण्याची सक्ती त्याच्यावर नसावी. यातील शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. सूर्य समुद्रात बुडत असता शेजारच्या माणसाने ‘काय सुंदर!’ म्हणावे यासारखा रसभंग नाही. परंतु गंमत अशी की, स्टीव्हन्सनचा हा निबंध छापणारे ‘कॉर्नहिल’चे संपादक लेस्ली स्टीफन यांनी पुढे तीनच वर्षांनी, १८७९ साली, ‘संडे ट्रॅम्प्स’ म्हणजे ‘रविवारचे भटके’ या नावाने मंडळी जमविली. कायदेपंडित पोलॉक, इतिहासकार मेटलंड यांसारखे विद्वान तीत सामील झाले, आणि लंडनच्या आसपासच्या खेड्यांपाड्यांतून त्यांच्या फेऱ्या सुमारे पंधरासोळा वर्षे चालल्या. स्टीफन हे आल्प्सची शिखरे चढलेले, लांब टांगांचे गृहस्थ. एकट्याने चालण्याची मौज त्यांस ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी मंडळी जमविली ती काहीतरी अधिक मिळते म्हणूनच जमविली असली पाहिजे.

शिवाय एकटा चालणारा ज्या वाटेवर आपले स्वातंत्र्य भोगतो ती वाट त्यास कोणी मोकळी करून दिली, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडातील किंडर स्काउट नावाचे पठार धनिकांच्या शिकारीसाठी राखलेले होते. एकटादुकटा मनुष्य तेथे शिरला तर रखवालदार त्यास हाकलून लावीत. २४ एप्रिल १९३२ रोजी, ऐन वसंतातील एका रविवारी, मँचेस्टरकडील काही शे कामकरी तरुण एकत्र होऊन त्या पठारावर चढले. त्यांच्यापैकी पाच जणांस तुरुंगवास घडला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व मोकळ्या मुलखात फिरण्याच्या सवलतीचा कायदा तेथे झाला, त्यामागे अशा अनेक सामुदायिक प्रयत्नांचा रेटा होता. हॅझलिटच्या अनुयायास आज त्या पठारावर एकांत लाभतो तो या मंडळीच्या पायपिटीमुळे.

तेव्हा मंडळीबरोबर चालणे हा एकट्याने चालण्याचा कमअस्सल प्रकार नव्हे, असे धरून चालू. आपल्या भाषेत सहवासाचे तीन शब्द आहेत: संगत, साथ आणि सोबत. संगतीचा परिणाम स्वभावावर होतो. म्हणून आईबाप मुलाची संगत पाहतात. साथ ही गाणाराची करावयाची असते, आणि तीत साथ करणाराने मुख्य गवयाच्या लयीने जावयाचे असते. सोबत हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, पण येथे त्यास रस्त्याचा अर्थ चिकटला. ‘सोबतीला कोण आहे?’ असे आपण वाटेस लागणारासच विचारतो. सोबतीत मुख्य गवई कोणी नसतो. सोबत्याने आपणास सुधारावे अशी अपेक्षा नसते, त्याने आपल्यामागे सुरात सूर मिळवावा अशीही नसते; त्याने हाकेच्या अंतरावर असावे, एवढीच असते. माझ्या मते या मंडळीच्या वादाचे निम्मे उत्तर या शब्दातच आहे. परंतु उरलेले निम्मे तितके सोपे नाही.

वाद निघाला तो असा. मंडळीत एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. सत्तरीच्या घरातले, गुडघे धरलेले, पण हौस दांडगी. पुळणीवर ते सर्वांबरोबर राहतात. रानातील चढणीवर मागे पडतात. चढणीवर काय होते ते ज्याने पाहिले असेल त्यास सांगावयास नको. पुढचे लोक पठारावर पोहोचून सावलीत बसतात, पाणी पितात, बोंडे खातात. पाऊण तासाने मागचा मनुष्य घामाघूम होऊन येतो. आणि तो दिसताच ‘आले, आले! चला आता’ म्हणून सर्व उठतात. म्हणजे ज्यास विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्यास ती सर्वांत अधिक मिळते, आणि ज्यास सर्वांत अधिक त्यास मुळीच नाही. यात कोणाचा दुष्टावा नसतो. पुढचे लोक प्रामाणिकपणे समजतात की आपण थांबलो होतो, आणि थांबलो म्हणजे आपले कर्तव्य झाले. समाजातील पुष्कळसे अन्याय याच जातीचे असतात असे मला वाटते, विशेषतः शाळाकॉलेजांतील. वर्गातील हुशार मुलांनी ‘समजले’ म्हटल्याबरोबर फळा पुसणारे अध्यापक मी पुष्कळ पाहिले आहेत.

गेल्या वर्षी अशाच एका रानातल्या रविवारी परतावयास दुपारचा एक वाजला आणि उन्हाने एका मुलीस घेरी आली. पुढल्या भेटीत मंडळीतील एका तरुणाने सूचना आणली की, रानाच्या रविवारी ठरलेल्या वेळात ठरलेले अंतर जे चालू शकतील त्यांनीच यावे. त्याने नेस्मिथचा नियमही सांगितला. १८९२ साली या स्कॉटिश गिर्यारोहकाने असा आडाखा बांधला की, तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास. सूचना क्रूरपणाची नव्हती. तीमागे तीन कारणे होती, आणि तिन्हींचा विचार केला पाहिजे.

पहिले कारण असे की, ही मंडळी आनंदासाठी जमते. तीत कोणी कोणाचे देणे लागत नाही. हे मला पटत नाही. स्वेच्छेने पत्करलेले बंधन हे बंधन नसते असे मानावयाचे झाल्यास मैत्री, विवाह, भागीदारी या सर्वांनाच रजा द्यावी लागेल. शनिवारी संध्याकाळी ‘उद्या चला’ म्हणून निरोप गेला, तेव्हाच काहीतरी देणे लागू झाले. आपण कोणास ‘जा’ म्हणतो तेव्हा स्वतः मागे राहतो; ‘चला’ म्हणणारा स्वतःस वगळून ते म्हणत नाही.

दुसरे कारण असे की, संथ चालणारास स्वतःसच संकोच वाटतो. तेव्हा त्याने न येणे हेच त्याच्याही सुखाचे आहे. या कारणात दयेचा भाव असल्यामुळे ते ऐकताना गोड वाटते, आणि म्हणूनच ते मला तिहींत अधिक घातक वाटते. दुसऱ्याचा संकोच आपण त्याच्या वतीने ठरवून टाकणे म्हणजे त्याच्या तोंडचा शब्द काढून घेणेच. त्या गृहस्थांस कोणी विचारले नव्हते. विचारले तेव्हा ते म्हणाले, “मला लाज वाटत नाही, तहान लागते.” यावर सभेत हशा झाला, पण उत्तर अगदी नेमके होते.

तिसरे कारण धोक्याचे. येथे मात्र त्या तरुणाचा पक्ष बळकट आहे, आणि तो समजावयास हरिहरेश्वरचे उदाहरण घेऊ. तेथील प्रदक्षिणेची वाट कड्यातील पायऱ्यांनी खाली उतरते आणि लाटांनी पोखरलेल्या खडकांवरून डोंगरास वळसा घालते. ओहोटीस ती वाट मोकळी असते. भरतीस ती पाण्याखाली जाते, आणि तेथे लाटांनी माणसे ओढून नेल्याचे प्रसंग घडलेले आहेत. अशा वाटेवर ‘मागच्यासाठी थांबा’ हा उपदेश सर्वांसच बुडवील. समुद्र कोणाच्या गुडघ्यांचा विचार करीत नाही. मग सोबतीचा धर्म येथे संपतो काय? माझ्या मते संपत नाही. तो फक्त आधीच्या वेळेस लागू होतो. पायऱ्या उतरण्यापूर्वीच हिशेब करावयाचा, आणि तो सर्वांत संथ माणसाच्या चालीने करावयाचा. त्या चालीने वेळ पुरत असेल तर सर्वांनी उतरावे. पुरत नसेल तर त्याने वर देवळापाशी थांबावे आणि त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी थांबावे. नेण्याचे नाकारणे आणि नेऊन मध्येच सोडणे या दोन कृत्यांत फार अंतर आहे. पहिल्यात निराशा आहे, दुसऱ्यात विश्वासघात. नेस्मिथच्या नियमाविरुद्ध माझे म्हणणेही एवढेच आहे. तो धडधाकट माणसाच्या मापाने बांधलेला आहे. त्याचा उपयोग बेत आखण्याकडे करावा आणि मापात संथ माणसाची चाल घालून करावा. मनुष्य निवडण्याकडे त्याचा उपयोग करू नये.

मागे पडणाऱ्यांची सर्वांत मोठी कथा आपल्याकडे महाभारताच्या सतराव्या पर्वात आहे. पांडव महाप्रस्थानास निघाले आणि वाटेत प्रथम द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, आणि शेवटी भीम. भीम प्रत्येक वेळी विचारतो, ही का पडली, हा का पडला. धर्मराज प्रत्येकाचा एकेक दोष सांगतो आणि मागे न पाहता पुढे जातो. वादात त्या तरुणाने याच कथेचा आधार घेतला होता. परंतु ती यात्रा देह ठेवण्यासाठीच आरंभिलेली होती; पडणे हाच तीतील प्रत्येकाचा मुक्काम होता. शिवाय कथा तेथे संपत नाही. इंद्र रथ घेऊन येतो तेव्हा धर्मराज प्रथम भावांची व द्रौपदीची चौकशी करतो, त्यांच्यावाचून स्वर्गही नको म्हणतो. आणि ती मंडळी देह टाकून पुढे गेली आहे असे कळल्यावरही, हस्तिनापुराहून मागोमाग आलेल्या कुत्र्यास सोडून रथात बसावयाचे नाकारतो. एकाच पुरुषाच्या ठायी व्यासांनी ही दोन्ही वर्तने ठेवली आहेत. टीकाकार पहिल्यास वैराग्य व दुसऱ्यास आनृशंस्य म्हणोत. मला एवढेच दिसते की, जो स्वतःच्या पायांनी अजून चालत होता त्यास सोडावयास धर्मराज तयार झाला नाही.

व्यवहारातला दाखला पाहिजे तर तो आषाढीच्या वारीत मिळतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तितके अंतर लाखो माणसे, त्यांत कितीतरी म्हाताऱ्या बाया, जवळजवळ तीन आठवड्यांत चालून जातात. या मेळ्यास एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी शिस्त लावली. मुक्कामावर सायंकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंच करतो आणि सर्व टाळमृदंग एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतात. वाटेत हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंचाही पुकारा तेथेच होतो. ज्याचे दुखते त्याने गप्प बसू नये, आणि त्याचा आवाज इतरांच्या शांततेमुळेच ऐकू यावा, ही युक्ती ज्याने काढली त्यास समुदायाचे मर्म पुरते कळले होते. रविवारच्या मंडळीत अशी सोय नव्हती, म्हणूनच तहानेची गोष्ट सभा भरेपर्यंत कोणास कळली नाही.

वादात त्या गृहस्थांची बाजू घेणाऱ्या काहींनी एक युक्तिवाद केला, तोही मला मान्य नाही. ते म्हणाले की, संथ चालणारास अधिक दिसते. झुडपात दडलेले घरटे, झाडाच्या सालीवर सालीच्याच रंगाचा होऊन बसलेला सरडा, हे सर्व त्यांनीच आम्हांस दाखविले. तेव्हा ते मंडळीस उपयोगी आहेत. गोष्ट खरी आहे. परंतु उपयोगाच्या पायावर त्यांस जागा दिली तर ज्या दिवशी त्यांस काही दिसणार नाही, आणि डोळे तर गुडघ्यांच्या पाठोपाठ जावयाचेच, त्या दिवशी ती जागा काढून घ्यावी लागेल. त्यांनी यावे याचे कारण त्यांस यावेसे वाटते आणि आपण त्यांस ‘चला’ म्हटले आहे, एवढेच पुरेसे आहे. उलट बाजूने संथ चालणाराचेही काही कर्तव्य आहे. आपली चाल आणि आपली दुखणी त्याने आधी सांगितली पाहिजेत. ‘मला काही होत नाही’ म्हणून अर्ध्या चढणीवर बसकण मारणे हा इतरांच्या चांगुलपणावर केलेला अतिक्रम होय.

अखेरीस सूचना फेटाळली गेली असे नाही. ती आणणाऱ्या तरुणानेच ती बदलून घेतली. आता रानाच्या रविवारी मंडळी सूर्योदयापूर्वी अर्धा तास निघते. सर्वांत संथ मनुष्य वाट दाखविणाराच्या लगेच मागे चालतो, आणि पिछाडीस एक जाणता मनुष्य राहतो. हे काम पाळीपाळीने सर्वांकडे येते, कॉलेजातील मुलांकडेही. विसाव्याचा वेळ शेवटचा मनुष्य खाली बसल्यापासून मोजतात, आणि तो दहा मिनिटांचा असतो. फेरी पूर्वीपेक्षा दोनअडीच मैलांनी आखूड झाली आहे, आणि त्यामुळे दोघे पट्टीचे चालणारे मंडळी सोडून गेले. ते गेल्याचे मला वाईट वाटते, कारण त्यांच्याही मागण्यात तथ्य होते. झपाट्याने चालण्याचा आनंद हाही आनंदच आहे, आणि तो त्यांस या मंडळीत मिळेनासा झाला. ते आता शनिवारी निराळे जातात. सूचना आणणारा तरुण मात्र राहिला आहे. यंदा फाल्गुनातील दुसऱ्या रानफेरीस पिछाडीची पाळी त्याची होती, आणि पठारावर पोहोचावयास त्यास एरवीपेक्षा पस्तीस मिनिटे अधिक लागली. वाटेत एका सावरीखाली पडलेली फुले भेकर येऊन खाते ते त्या गृहस्थांनी त्यास थांबवून दाखविले. तो म्हणतो की, भेकर त्याने पूर्वीही पाहिले होते, पण पळतानाच.